एक लाख लाइकची चौकट

मी चौकट बोलतेय. दाराची नव्हे, खिडकीची नव्हे आणि भिंतीवरच्या फोटोचीही नव्हे. मोबाइलवरची एखादी पोस्ट माणसाएवढी मोठी करून मधोमध मोठं भोक पाडलं तर कशी दिसेल, तशी मी दिसते. तुम्ही माझ्या मागे उभं राहायचं, भोकातून हसायचं आणि समोरच्यानं फोटो काढायचा. मग तुम्ही मोबाइलमधूनच बाहेर डोकावताय असं वाटतं. आहे खरी गंमत, पण माझ्या जन्मदात्यांना ती जरा महागात पडली.

माझं रूप एकदा नीट सांगते, कारण पुढचं सगळं रामायण त्यावरून घडलं. वरच्या पट्टीवर एका गोलात हसरा चेहरा आहे. तो 'आपले भाऊ' यांचा, म्हणजे आमच्या भागातून पुन्हा एकदा निवडणुकीला उभ्या राहिलेल्या उमेदवाराचा. खालच्या पट्टीवर लाल बदाम, त्यापुढे '१ लाख लाइक' आणि त्याखाली तीन कमेंट. 'एकच नंबर काम, भाऊ!' 'शब्द दिला की पाळणारच!' आणि 'बघून डोळ्यांत पाणी आलं.' मधली जागा तेवढी रिकामी.

आता तुम्ही म्हणाल, फोटो निघायच्या आधीच लाइक आणि कमेंट आल्या कुठून? तेच तर सांगायचंय.

माझा जन्म पेंटरच्या दुकानातला. पेंटर हे काही त्याचं नाव नाही, पण सगळा बाजार त्याला तेवढ्याच नावानं ओळखतो. एके काळी तो ब्रशनं पाट्या रंगवायचा. मग छपाईचं मशीन आलं आणि ब्रश डब्यात वाळून काटक्या झाले. कॉम्प्युटरवर त्याची मुलगी बसते. लहानपणापासून सतत काही ना काही उचलून ओढत नेणारी, म्हणून तिला सगळे मुंगी म्हणतात. ती कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती आणि या वेळी पहिल्यांदाच मत देणार होती.

आमच्याकडे पक्ष दोनच. एकाला लोक थोरला म्हणतात, दुसऱ्याला धाकटा. थोरला सत्तेत असला की धाकटा रस्त्यावर ओरडतो आणि धाकटा आला की थोरला. घसा तेवढा बदलतो. तर थोरल्याचे, म्हणजे भाऊंच्या पक्षाचे, प्रचारप्रमुख एका सकाळी दुकानात आले. वयस्कर, जाड भिंगांचा चष्मा, मनानं सरळ माणूस. मी तेव्हा कॉम्प्युटरच्या पडद्यावर आकार घेत होते, म्हणजे पोटातच म्हणा ना.

"तरुणांची भाषा बोलायची आहे आपल्याला," खुर्चीत बसता बसता ते म्हणाले. "भाषणं कोणी ऐकत नाही म्हणे आता. पोस्ट पाहिजे, पोस्ट!"

"लाइकच्या जागी काय टाकू?" पेंटरनं विचारलं.

"एक लाख."

"पण साहेब, अजून कोणी बघितलंच नाही, तर आवडलं कधी?"

"अहो, शून्य छापलं तर बरं दिसतं का? टाका लाख. आपल्याकडे काय कमी आहे!"

मुंगीनं मान वर केली. "काका, कमेंटची जागा मोकळी ठेवू का? मुलं मार्करनं लिहितील. त्यांना तेच आवडतं."

प्रचारप्रमुख खुर्चीत दचकले. "मोकळी? आणि कोणी भलतंसलतं लिहिलं तर? छे, छे. कमेंट आपण द्यायच्या. घे लिहून."

त्यांनी एकेक कमेंट सांगितली. तिसरी इतकी आवडली की दोनदा म्हणून पाहिली. त्यांनी सांगितलं तसंच, कानामात्रा न बदलता मुंगीनं टाइप केलं. फक्त तिचे खांदे गदागदा हलत होते. पेंटरनं सनबोर्ड घेतला, म्हणजे तो फोमचा हलका पांढरा बोर्ड. त्यावर मला चिकटवलं, मागे लाकडी पट्ट्या ठोकल्या आणि कटरनं मधलं भोक पाडलं. तेव्हा जरा दुखलं. पण भोकातून वारा आरपार गेला आणि मला फार मोकळं वाटलं.

पहिली नेमणूक कॉलेजच्या फाटकापाशी. मी नटूनथटून उभी. पक्षाचे कार्यकर्ते आळीपाळीनं माझ्यात उभे राहून एकमेकांचे फोटो काढत होते. पोरंपोरी यायची, वाचायची आणि तोंडावर हात धरून पुढे जायची. एका उंच, काटकुळ्या पोरानं, त्याला मित्र अँटिना म्हणतात, तेवढं विचारलं, "दादा, लाइक आधीच दिलेत, कमेंट आधीच दिल्यात. मग आम्ही काय करायचं?"

"तुम्ही फक्त हसायचं," कार्यकर्ता म्हणाला.

"ते चाललंयच," अँटिना म्हणाला आणि निघून गेला. दोन दिवसांनी वाऱ्यानं मी पडले, माझा एक कोपरा मोडला आणि दुरुस्तीला परत दुकानात आले. खरं सांगते, सुटल्यासारखं वाटलं.

दुकानाच्या मागच्या खोल्यांतच पेंटरचं घर. तिथल्या खिडकीतून रेल्वेचे रूळ दिसतात आणि रुळांपलीकडे एक हिरवी खिडकी. त्या खिडकीत शिलाईमशीनवर बसलेली असते ती मुंगीची आत्या, पेंटरची थोरली बहीण. मुंगीची आई ती लहान असतानाच गेली. तेव्हापासून आत्या रोज रुळांवरचा पूल ओलांडून यायची, भावाचा स्वयंपाक करायची, मुंगीची वेणी घालायची आणि संध्याकाळी परत जायची. मग तिचा गुडघा कायमचा आखडला. पाय दुमडेना, जिना चढवेना. वळसा घालून रिक्षानं यावं तर रिक्षात पाय मावत नाही. "मला पलीकडे न्यायला ॲम्ब्युलन्सच लागेल," ती म्हणायची, "आणि ॲम्ब्युलन्समधून माहेरी जाणं काही बरं दिसत नाही."

हसून म्हणायची. पण चार वर्षं झाली, माहेर समोर दिसत होतं आणि तिला येता येत नव्हतं. मुंगी आणि पेंटर तिकडे जायचे, डबा न्यायचे, गप्पा मारायचे. तरी रोज दुपारी आत्या खिडकीतून एक पिवळं फडकं हलवायची आणि इकडून मुंगी हात हलवायची. व्हिडिओ कॉल असताना फडकं कशाला, असं तुम्ही विचाराल. मीही मनात विचारलं होतं. पण फडकं हलवताना बाई अर्धी खिडकीबाहेर झुकायची, ते मोबाइलमध्ये जमत नाही.

बरं, पुलाला लिफ्ट नव्हती असं नाही. चांगल्या दोन होत्या, या टोकाला एक आणि त्या टोकाला एक. पहिल्यांदा थोरल्या पक्षानं फीत कापली. वर्षभरात फाटाफुटीनं सत्ता बदलली तशी धाकट्यानं रंग दिला आणि पुन्हा फीत कापली. मग तशाच फाटाफुटीनं थोरला परत आला, त्यानं नवी बटणं बसवली आणि तिसरी फीत कापली. पाहुणे वर जाऊन खाली येईपर्यंत लिफ्ट चालली, मग कुलूप. उद्घाटनाच्या तीन पाट्या तेवढ्या ओळीनं लागल्या होत्या. तिन्ही पाट्या पेंटरनंच बनवलेल्या.

माझा कोपरा चिकटला त्या दुपारी मुंगी माझ्याकडे बराच वेळ बघत बसली. मग तिनं तिच्याच कॉलेजातल्या अँटिनाला फोन केला. दोघांनी मला उचललं, जिना चढवला आणि सरळ लिफ्टच्या दाराला टेकवून उभं केलं. माझ्या भोकात आता काय दिसत होतं? बंद दार, त्याला साखळी, साखळीत जुन्या फितीची विटलेली गाठ आणि बटणांच्या डब्यावर निवांत बसलेलं एक कबूतर. वर भाऊ हसताहेत. खाली एक लाख लाइक. शब्द दिला की पाळणारच. बघून डोळ्यांत पाणी आलं.

मुंगीनं फोटो काढला.

"वर काय लिहायचं?" अँटिनानं विचारलं.

"काही नाही."

"काहीच नाही?"

"सगळं लिहून दिलंय की त्यांनी."

तो फोटो संध्याकाळपर्यंत या मोबाइलवरून त्या मोबाइलवर नुसता पळत सुटला. आणि ज्या कमेंट माझ्या अंगावर लिहायला मनाई होती, त्या फोटोखाली धो धो कोसळल्या. 'मीपण रडलो भाऊ, पण जिन्यावर.' 'लिफ्ट जोमात, जनता जिन्यात.' 'एक लाखातला मी कितवा?' कबुतराला तर कोणीतरी उमेदवारच करून टाकलं. दुसऱ्या भागांतली पोरं जुन्या खोक्यांचे पुठ्ठे कापून माझ्या बहिणी बनवू लागली आणि आपापल्या गावच्या बंद नळाभोवती, फुटक्या फरशीभोवती उभ्या करू लागली. मला कोणी विचारलं असतं तर सांगितलं असतं, की आयुष्यात पहिल्यांदाच मला पोटभर जेवल्यासारखं वाटत होतं.

पोरांनी आपसांत नियम ठरवला होता. शिवी द्यायची नाही, कोणाच्या घरच्यांना मधे आणायचं नाही आणि चौकटीवरचं अक्षर बदलायचं नाही. थोरल्यानं लांबलचक खुलासे टाकले. निधी, मंजुरी, तांत्रिक अडचण, मागच्यांचं पाप. प्रत्येक खुलाशाखाली पोरं एकच ओळ लिहायची, 'बटण दाबून दाखवा.' एवढ्या मोठ्या खुलाशाला एवढंसं उत्तर, पण ते काही केल्या खोडता येईना.

धाकट्या पक्षाला तर आनंदाचं भरतं आलं. त्यांचा एक माणूस दुकानात येऊन मुंगीला म्हणाला, "शाब्बास, बेटा! आमच्याकडे ये. सोशल मीडिया सगळं तुझ्याच हातात देतो."

"काका, तिथे तीन पाट्या आहेत," मुंगी म्हणाली. "मधली तुमची."

दुसऱ्या दिवशी माझ्या भोकात मधली पाटी होती. धाकट्याचं भरतं ओसरलं.

घरात मात्र पेंटर धास्तावला होता. निवडणूक म्हणजे त्याचा हंगाम, आणि दोन्ही पक्ष त्याचीच गिऱ्हाइकं. "मुंगे, पाण्यात राहून माशाशी वैर करू नये," तो म्हणाला. "उद्या काम बंद झालं तर खायचं काय? काढून टाक तो फोटो."

"बाबा, आत्या आपल्या घरी शेवटची कधी जेवली?"

पेंटर मशीनकडे वळला. एक बोर्ड छापून बाहेर येत होता, तो बघत उभा राहिला. 

आणि मग आले प्रचारप्रमुख. लालबुंद. "आमची चौकट कुठाय? आमचीच चौकट, आमचेच भाऊ आणि आमच्याच तोंडाला काळं!"

फोटो झाले की मी परत दुकानातच यायचे; पेंटरनं मला कोपऱ्यातून ओढून त्यांच्यापुढे उभं केलं. मग बोलला. "घेऊन जा, साहेब. चौकट तुमचीच आहे. फक्त एक सांगा, पोरीनं यातलं कुठलं अक्षर बदललं?"

प्रचारप्रमुखांनी मला वरपासून खालपर्यंत वाचलं. पुन्हा वाचलं.

"तुम्ही सांगितलं, तिनं लिहिलं, मी छापलं," पेंटर म्हणाला. "तिघांचं काम आहे हे. आणि त्या तीन पाट्याही माझ्याच हातच्या. माझी बहीण त्या पाट्यांखाली जिन्याकडे बघत उभी राहायची. मला आता चौथी पाटी करायची नाही."

"मग बाकीचं कामही दुसरीकडे जाईल!"

"जाऊ दे."

दोनच शब्द, पण ते म्हणायला त्याला चार वर्षं लागली होती. मला त्या दिवशी त्याचा फार अभिमान वाटला.

पक्षाचं कार्यालय पुलापलीकडे. कार्यकर्ते सगळे सभेच्या तयारीला गेलेले. शेवटी प्रचारप्रमुखांनी माझ्या भोकात हात घालून मला खांद्याला अडकवलं आणि स्वतःच जिना चढू लागले. अर्ध्यात दम लागला. वर पोचले तेव्हा शर्ट ओलाचिंब झाला होता. लिफ्टच्या बंद दाराशी मला टेकवलं आणि माझ्याशेजारीच फतकल मारून बसले. पुलावरच्या पोरांचे मोबाइल खटाखट वर झाले. असला फोटो नशिबानंच मिळतो.

मागून पाण्याची बाटली घेऊन मुंगी धावत आली. "फोन खाली! काकांचा फोटो कोणी काढायचा नाही."

"अगं, पेटेल सगळीकडे!" अँटिना कळवळला.

"आपलं भांडण लिफ्टशी आहे. काकांच्या गुडघ्याशी नाही."

एकेक करत मोबाइल खाली गेले. अँटिनानं सर्वांत शेवटी खाली केला, पण केला. प्रचारप्रमुख पाणी प्यायले. श्वास जागेवर आल्यावर त्यांना पलीकडच्या हिरव्या खिडकीत पिवळं फडकं दिसलं.

"ती बाई कोणाला हात करतेय?"

"मला. माझी आत्या आहे." मुंगीनं सगळं सांगितलं, गुडघा, रिक्षा, माहेर.

"मग आधी सांगायचं नाही का आम्हाला?"

"सांगितलं की, काका. दर वेळी बाबा जाऊन सांगून आले. दर वेळी तुम्ही लोकांनी आम्हाला उद्घाटनाचं आमंत्रण दिलंत."

प्रचारप्रमुखांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग तिथेच बसून फोन लावला. "भाऊंना म्हणावं, आजची सभा राहू द्या. आधी मिस्त्री पाठवा. नाही, फोटोवाला नको. मिस्त्री!" फोन ठेवून ते उठले, कठडा धरून सावकाश जिना उतरले. मला तिथेच विसरले, की मुद्दाम ठेवून गेले, हे मला आजही ठाऊक नाही.

ही बातमी धाकट्याच्या कानावर गेली. आपण मागे कसे राहणार? त्यांनीही मिस्त्री धाडला. एकानं या टोकाची लिफ्ट धरली, दुसऱ्यानं त्या टोकाची. दोघं एकमेकांकडे डोळे वटारून बघत होते आणि हात मात्र झरझर चालत होते. कबुतराला तेवढं घर बदलावं लागलं. चार वर्षं न झालेलं काम आठवड्याच्या आत झालं. कोणी तरी फीत घेऊन आलंच होतं. पोरांनी नुसते मोबाइल हातात धरले, आणि फीत गुपचूप खिशात गेली.

बटण आत्यानं दाबलं.

मी या टोकाला उभी होते. दार उघडलं आणि काठी टेकत आत्या बाहेर आली. नवं कोरं पातळ, स्वतःच शिवलेला ब्लाउज आणि हातात तेच पिवळं फडकं, आता घाम पुसायला. मुंगीनं तिला हाताला धरून माझ्या मागे उभं केलं. भोकातून ती हसली आणि मला पहिल्यांदा कळलं की माझ्या मधली ती जागा कशासाठी होती. मुंगीनं फोटो टाकला आणि या वेळी वर चार शब्द लिहिले, 'माझी आत्या माहेरी आली.'

पोरं मला उचलून त्यांच्या मागोमाग घरापर्यंत घेऊन आली, म्हणून पुढचंही ऐकता आलं. पेंटर दारात उभा होता. केव्हापासून उभा होता कोण जाणे. बहीण समोर आली तसा त्यानं आधी तिचा हात धरला. मग एकदम खेकसला, "किती उशीर केलास! जेवण केव्हाचं निवलं."

"मग गरम कर," आत्या म्हणाली. "मी काय लगेच पळून जातेय?"

आणि उंबऱ्यात उभ्या उभ्याच दोघं लहान पोरांसारखी रडली. 'बघून डोळ्यांत पाणी आलं' ही कमेंट इतके दिवस मी खोटीच मिरवत होते. त्या दुपारी ती खरी झाली.

निवडणुकीत कोण जिंकलं ते मला विचारू नका. मुंगीनं कोणाला मत दिलं हे तिनं बापालाही सांगितलं नाही. निवडून आलेल्या माणसाला पहिल्याच दिवशी पोरांनी लिहिलं, 'अभिनंदन. लिफ्ट चालू आहे ना, बघून या.' पेंटरचं काम काही दिवस आटलं, खोटं कशाला बोलू. मग प्रचारप्रमुखच एक दिवस दुकानात आले, नातवाच्या वाढदिवसाचा बोर्ड करायला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर मुंगीला हळूच म्हणाले, "खाली काय लिहू या गं?"

"मोकळं ठेवा, काका. त्याचे मित्र लिहितील."

"बरं," ते म्हणाले. "मोकळं ठेव."

मी आता पुलापलीकडे, आत्याच्या हिरव्या खिडकीच्या खोलीत असते. शिवून झालेला कपडा ती माझ्या भोकात टांगते, मुंगी फोटो काढते आणि गिऱ्हाइकांना पाठवते. कोपरा पुन्हा जरा सुटलाय, भाऊंचं हसू उन्हानं फिकटलंय. पण दिवसभर मशीनची खडखड, माणसांची ये-जा, मधूनच आत्याचं गुणगुणणं. मजेत आहे मी.

एकदा आत्यानं चष्मा लावून मला नीट वाचलं. "हे एक लाख कोणी मोजले गं?"

मुंगी हसली. तिनं ब्लेड घेतलं आणि 'लाख' तेवढं खरवडून काढलं. आता माझ्यावर बदाम आहे आणि त्यापुढे '१ लाइक' आहे. तो आत्याचा. उगाच छापलेला नाही.

तेव्हा बाबांनो, माझ्यासारख्या आणखी बनवाल तर एवढं ऐका. आम्हाला आधीच भरून टाकू नका. आधी काम होऊ द्या, माणसांना बघू द्या, मग काय लिहायचं ते त्यांना लिहू द्या. मध्यंतरी लिफ्ट एकदा बंद पडली होती. अँटिना आला, मला बगलेत मारलं आणि पुलावर नेऊन उभं केलं. फोटो काढायचीही वेळ आली नाही, मला जिना चढताना बघूनच कोणीतरी मिस्त्रीला फोन लावला. म्हणून आत्या मला आतल्या खोलीत ठेवत नाही. मी दाराशीच उभी असते.